उडत्या पाणपक्ष्यांचे फोटो दरवेळी सॉफ्ट का येतात?

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. बसलेला बगळा झकास येतो, पीसन्‌पीस मोजून घ्यावं असा. तोच उडाला की फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट. शेकाट्या, तुतवार, चिखल्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं तर विचारूच नका. डिसेंबर ते मार्च या दिवसांत सायकी, पारडगाव, झिल्पी, सुराबर्डी अशा तलावांवर सकाळ घालवून लोक नागपुरात परततात, कार्ड रिकामं करतात आणि शेकडो फ्रेममधून धड एकही हाती लागत नाही. मग संशय लेन्सवर जातो, नंतर कॅमेऱ्यावर, आणि शेवटी मोठी लेन्स घ्यायची चर्चा सुरू होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की पैसे खर्च करण्याआधी बिघाड कुठे आहे ते त्याच फोटोंतून वाचून घ्या. कारणं चार-पाच असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यातली आपल्याकडे सगळ्यात जास्त फोटो खाणारी दोन कारणं कॅमेऱ्याच्या बाहेरच असतात: मधली हवा आणि तुमची उभं राहायची जागा.

फोटो कसा वाचायचा

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर निर्णय घेऊ नका. कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा आणि तीन ठिकाणी बघा: डोळा, पंखांची टोकं आणि मागचं गवत-पाणी.

डोळा स्पष्ट आहे पण पंखांची टोकं विरघळली आहेत, तर शटर स्पीड (शटर उघडझाप करण्याचा वेग) कमी पडला. पक्षी, गवत, पाणी सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, तर हात हलला. पक्षी पुसट आणि मागची बेशरमीची फुलं टवटवीत, तर फोकस पक्ष्यावर नव्हताच. आणि फ्रेममध्ये कुठेच काही स्पष्ट नाही, कडा वेड्यावाकड्या लहरल्यासारख्या आहेत, पुढच्या फ्रेममध्ये त्या कडा आणखी वेगळ्या लहरल्या आहेत, तर ती हवा आहे.

अजून एक तपासणी त्याच कार्डावरून होते. त्याच सकाळी, तेवढ्याच अंतरावरून काढलेला बसलेल्या पक्ष्याचा फोटो शोधा. तो शार्प असेल तर लेन्सला दोष देणं सोडा.

हवा

विदर्भातल्या तलावांचं एक वैशिष्ट्य आहे. पाणी जानेवारीपासून ओसरायला लागतं आणि काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी त्यावर गाळपेर (ओसरलेल्या गाळातली पेरणी) होते, बाकी जागेत ओला चिखल राहतो. तुतवार, टिलवे, चिखल्या नेमके तिथेच चरायला येतात. ही काळी जमीन ऊन भराभर शोषते. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश तापमान असतं, तास-दीड तास ऊन लागलं की चिखलाचा वरचा थर तापतो, वरची हवा मात्र अजून गारच असते. त्या दोन थरांतली हवा उकळ्या मारायला लागते. चुलीच्या धगेपलीकडचा माणूस हलताना दिसावा तसा चिखलापलीकडचा पक्षी हलताना दिसतो. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स पक्ष्याबरोबर मधल्या हवेलाही मोठं करते. फेब्रुवारीत सकाळी नऊनंतर सपाट चिखलावरून साठ-सत्तर मीटरवरचा तुतवार शार्प येण्याची आशा फार कमी. मार्चमध्ये ती वेळ आणखी अलीकडे येते.

खात्री करायची असेल तर बसलेल्या टिटवीवर लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) लावा आणि दहापट मोठं करून दहा सेकंद बघत राहा. चोचीची कड थरथरताना दिसली तर सेटिंग बदलून काही होणार नाही. त्याच टिटवीचे सलग दहा-बारा फोटो काढले तर एखाद-दुसरा बरा येईल आणि बाकीचे वेगवेगळ्या तऱ्हेने वितळलेले येतील. फोकसची चूक असती तर पक्ष्याच्या मागचं किंवा पुढचं काहीतरी स्पष्ट आलं असतं.

लांब लेन्स हा यावरचा उपाय नाही, कारण ती मधली हवा कमी करत नाही. अंतर कमी करणं हाच उपाय. ते जमत नसेल तर जागेची उंची बदला. पाणपक्ष्यांचा फोटो जमिनीलगत झोपून काढावा असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण ते सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासापुरतं. जमिनीलगतची नजर सगळ्यात जास्त तापलेल्या थरातून जाते. ऊन चढलं की चिखलातून उठा आणि तलावाच्या पाळीवर या. चार-पाच मीटर उंचीनेही फरक पडतो. चिखलावरून जाणाऱ्या पक्ष्यांचा नाद सोडून पाण्यावरून किंवा आभाळात उडणारे पक्षी घ्या. दहाच्या सुमारास चित्रबलाक आणि उघड्या चोचीचे करकोचे गरम हवेच्या झोतावर गोल गोल वर चढतात, तेव्हा त्यांचे फोटो चिखलावरच्या तुतवारापेक्षा कितीतरी स्वच्छ येतात, कारण नजर तापल्या थरातून लगेच बाहेर पडते. म्हणजे एकाच सकाळी आधी लहान पक्षी, मग मोठे, असा क्रम लावला की हवा आडवी येत नाही.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. हीटर किंवा एसी बंद, सगळ्या काचा खाली, इंजिन बंद, आणि दहा मिनिटं थांबायचं. आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक असेल तर खिडकीतच लहरी तयार होतात आणि त्या लेन्सच्या अगदी पुढ्यात असतात. बॉनेटवरून तिरका फोटो तर काढूच नये.

पाठमोरा पक्षी

माझ्या मते खरं दुखणं हेच आहे, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. दाखवायला आणलेले बहुतेक फोटो बघितले की पक्षी कॅमेऱ्यापासून लांब जाताना दिसतो: शेपटी, लोंबणारे पाय, पंखांची खालची बाजू, डोळा नाहीच. ऑटोफोकसला धरायला डोळा नाही, मान नाही, आणि क्षणाक्षणाला अंतर वाढतंय. कॅमेरा कितीही महाग असो, या फोटोत जीव येत नाही.

असं होतं कारण पक्षी आपणहून उडालेला नसतो, त्याला उडवलेलं असतं. माणूस चालत पुढे जातो, पक्षी मान वर करतो, माणूस आणखी दोन पावलं टाकतो, पक्षी उडतो. घाबरलेला पक्षी धोक्यापासून लांब जाणार, म्हणजे पाठ तुमच्याकडेच येणार. काही जण तर खडा टाकून किंवा टाळी वाजवून थवा उठवतात. हे थांबायलाच हवं. ठिपकेवाला तुतवार किंवा छोटा टिलवा थेट उत्तर आशिया-युरोपातून इथे येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढंच अंतर परत कापतो. त्या प्रवासाची चरबी तो याच चिखलात किडे वेचून जमवत असतो. दर अर्ध्या तासाला उठवलेला थवा ती जमवणार कधी? आणि एवढं करून फोटो मिळतो तो शेपटीचा.

आपणहून उडालेला पक्षी कुठे जाईल हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं, कारण पक्षी वाऱ्याच्या तोंडी उडतो आणि वाऱ्याच्या तोंडीच उतरतो. आपल्याकडे हिवाळ्यात वारा मंद असतो आणि असला की बहुतेक उत्तर-ईशान्येकडून. सूर्य त्या दिवसांत आग्नेयेकडून उगवतो. आता तलावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही आग्नेयेच्या काठावर, सूर्य पाठीशी, तोंड वायव्येला. समोरचा शेकाट्या ईशान्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उडाला की तुमच्या डावीकडून उजवीकडे आडवा जातो. उजेड त्याच्या अंगावर, डोळा तुमच्या बाजूला, अंतर जवळजवळ कायम. ऑटोफोकसला याहून सोपं काम देता येत नाही. संध्याकाळी मात्र गणित फिरतं. सूर्य पाठीशी घेतला तर तोंड ईशान्येला होतं आणि पक्षी नेमका तुमच्यापासून लांब उडतो. म्हणून संध्याकाळी उजेड बाजूने घ्यायचा आणि पक्षी पुन्हा आडवा मिळेल अशी जागा धरायची. वारा बघायला मोबाइल लागत नाही. टिटव्या आणि शेकाटे उभे असताना बहुधा वाऱ्याकडे तोंड करूनच उभे असतात.

जागा धरली की बसून राहायचं. अंधार असतानाच जाऊन बसलात तर उत्तम, पक्षी तुम्हाला काठाचाच भाग समजतात. तलावावर अशा बऱ्याच गोष्टी घडतात ज्यांनी पक्षी स्वतःहून जागा बदलतात. ढीवर (मासेमार) बांधव डोंगा घेऊन जाळं काढायला निघाले की समोरचे पक्षी दुसऱ्या काठाला सरकतात, आणि त्यांची वेळ व वाट रोजची ठरलेली असते. पाळीवर भेटले की त्यांनाच विचारा, "काका, आज कुठून काढणार जाळं?" तलावाची एवढी माहिती दुसरं कुणी देणार नाही. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी चिखलावरून खालून फिरला की तुतवारांचा अख्खा थवा उठतो, एकदम वळतो, पोटाचा पांढरा रंग लखकन चमकतो आणि बरेचदा थवा त्याच जागी परत उतरतो. उतरतानाचा फोटो उडतानाच्या फोटोपेक्षा सोपा असतो. वेग कमी होतो, पाय पुढे येतात, पंख पूर्ण उघडतात, आणि कुठे उतरणार ते आधी कळतं.

उडण्याची खूण ओळखायला शिका. दुर्बीण घेऊन एकाच पक्ष्यावर डोळा ठेवा. शेकाट्या चरत असतो तेव्हा डोकं खाली, चोच पाण्यात, गुलाबी पाय एकेक उचलत. उडायचं मनात आलं की चरणं थांबतं, मान ताठ होते, डोकं दोन-तीनदा वर-खाली हलतं, बारीक तीक्ष्ण आवाज सुरू होतो आणि अंग किंचित पुढे झुकतं. त्यानंतर क्षणभरात तो हवेत असतो. बगळा मान उंच करून वाऱ्याकडे वळतो, पुष्कळदा आधी शिटतो. चित्रबलाक गुडघ्यांत वाकल्यासारखा बसतो, दोन-तीन ढांगा टाकतो. टिटवी आरडाओरडा करायला लागली तर सगळ्यांनाच निघायची सूचना मिळालेली असते. ही खूण दिसली की बटन दाबून धरा. पक्षी हवेत गेल्यावर दाबलेलं बटन उशिराचंच असतं.

फोकस मागच्या झुडपावर बसतो

आपल्या तलावांच्या काठाला बेशरम आणि पाणकणीस माजलेलं असतं. त्यापुढून उडणारा चिखल्या लहानसा, भुरा, आणि मागचं झुडूप ठळक, भरपूर कड्यांचं. ऑटोफोकस ठळक गोष्टीकडेच धावतो.

कंटिन्युअस फोकस तर हवाच (कॅननवर एआय सर्वो, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी), पण सगळ्या फ्रेमभर पसरलेला फोकस एरिया झुडपापुढे वापरू नका. मधला लहान गट किंवा झोन घ्या. मागे आभाळ किंवा मोकळं पाणी असेल तेव्हा मोठा एरिया चालतो. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमधली पक्षी ओळखण्याची सोय फार कामाची आहे, तरी टिलव्याएवढा पक्षी फ्रेममध्ये ठिपक्यासारखा असताना तिच्या भरवशावर राहू नये.

दुसरं, मेन्यूत जाऊन ट्रॅकिंगची संवेदनशीलता बघा. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती उणे दोन ते अधिक दोन अशी असते आणि उणेकडे नेली की मध्ये गवत आलं तरी कॅमेरा पक्ष्याला लवकर सोडत नाही. सोनी आणि निकॉनमध्येही हीच सोय वेगळ्या नावाने असते. झुडपापुढे ती चिकट बाजूला ठेवा. एक धोका लक्षात असू द्या: चिकट ठेवल्यावर फोकस चुकून आधीच झुडपावर बसला तर तो तिथेही चिकटून राहतो. अशा वेळी बटन सोडायचं आणि पक्ष्यावर पुन्हा पकडायचं. फोकस शटरच्या बटनाऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटनावर घेतला असेल तर हे सहज होतं.

पक्षी येणार त्या अंतरावर आधीच फोकस करून ठेवणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती. चिखलातल्या एखाद्या काठीवर फोकस लावून बसा. लेन्स अगदी जवळच्या अंतरावर अडकलेली असेल तर उडता पक्षी तिला दिसतच नाही, इतका तो पुसट असतो. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा.

किती खोली, म्हणजे पुढून मागे किती अंतर, स्पष्ट येते याचाही अंदाज ठेवा. क्रॉप (लहान) सेन्सर, ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ/६.३ अ‍ॅपर्चर आणि पक्षी ३० मीटरवर असेल तर सगळी मिळून साधारण ८५ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. पक्षी १० मीटरवर आला तर ती १० सेंटिमीटरच्याही आत जाते. चित्रबलाकाचे पसरलेले पंख दीड मीटर भरतात, त्यामुळे तो जवळून तिरका गेला तर एक पंख पुसट येणारच. डोळा स्पष्ट असेल तर तो फोटो चांगलाच आहे, त्याला चूक म्हणू नका.

शटर

पक्षी ताशी ४० किलोमीटरने आडवा जातोय असं धरा. १/५०० सेकंदात तो दोन सेंटिमीटरहून जास्त पुढे जातो आणि १/२५०० सेकंदात साडेचार मिलिमीटरच्या आसपास. कॅमेरा बरोबर फिरवला तर अंगाची हालचाल सावरते, पंखांची फडफड मात्र सावरत नाही. म्हणून तुतवार, टिलवे, चिखल्या यांना १/३२०० ठेवा, शेकाट्या-टिटवीला १/२०००, करकोचे आणि मोठे बगळे १/१२५० वरही निभावतात. सूर्योदयानंतरच्या अर्ध्या तासात यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० लागेल. लागू द्या. दाणे नंतर कमी करता येतात, ओढलेला पंख दुरुस्त होत नाही.

पांढरा पक्षी जळतो

काही फोटो फोकसमध्ये असूनही सॉफ्ट वाटतात. बगळ्याचा पंख म्हणजे नुसता पांढरा कागद, एकही पीस नाही. तिथे उजेड जास्त पडलेला असतो. गडद पाणी बघून कॅमेरा फ्रेम उजळ करतो आणि पांढरा पक्षी जळतो. ढोकरीच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. बसलेली ढोकरी मातकट, चिखलात मिसळून गेलेली; उजेडाचं माप त्या मातकट रंगावर ठरतं, आणि ती उडताच आतून शुभ्र पंख उघडतात.

यासाठी मॅन्युअल मोड घ्या आणि आयएसओही हाताने ठरवा. उन्हात उभा असलेला गायबगळा किंवा लहान बगळा शोधा, त्याचा फोटो काढा, जळलेला भाग दाखवणारी हायलाइटची सूचना लुकलुकते का बघा. ती जेमतेम थांबेल इतका उजेड कमी करा आणि मग त्याला हात लावू नका. मागे पाणी येवो, झुडूप येवो की आभाळ, पक्ष्यावरचं ऊन तेच असतं. ऊन चढेल तसं वीस-पंचवीस मिनिटांनी माप पुन्हा तपासायचं, ढग आला तर लगेच. काळा शराटी किंवा सावलीतली टिटवी घ्यायची असेल तर थोडा उजेड वाढवावा लागेल.

एवढं करूनही जमलं नाही तर

स्वस्त यूव्ही फिल्टर काढून बघा, लांब लेन्सवर तो खरंच नुकसान करतो. स्टॅबिलायझर आडव्या पॅनिंगच्या मोडवर ठेवा किंवा १/२००० च्या पुढे बंदच करा. पावसाळ्यात आणि सप्टेंबरात एसीच्या खोलीतून थेट तलावावर नेलेल्या लेन्सवर दव धरतं, तेव्हा बॅग आदल्या रात्री एसीबाहेर ठेवा. मिररलेसवर फोटो शार्प आहे पण पंख विचित्र वाकलेले दिसतात, तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा.

एप्रिल ते जूनमध्ये मात्र उघड्या काठावर सराव करायला उतरू नका. टिटवी, कंठेरी चिखल्या आणि शेकाट्या यांची अंडी त्याच खडे-चिखलात असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. अंडी-घरट्यांना धक्का लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीतच मोजलं जातं. त्या दिवसांत सरावासाठी नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावरून सांजेला रातथाऱ्याकडे परतणारे गायबगळे घ्या. ते सरळ रेषेत, एका वेगाने, एकामागून एक येतात, आणि शटर, उजेड, फोकस यातलं काय चुकतंय ते त्यांच्यावर तासाभरात कळतं.

आणि बसलेल्या पक्ष्याचा, गार सकाळी, वीस मीटरवरून, ट्रायपॉडवर काढलेला फोटोही सॉफ्ट असेल, तेव्हाच लेन्सकडे वळा. डीएसएलआर असेल तर मेन्यूतली एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट किंवा फाइन ट्यून वापरा: तिरकी ठेवलेली छापील पट्टी, ट्रायपॉड, ज्या अंतरावर पक्षी घेता साधारण तेवढं अंतर. लाइव्ह व्ह्यूमधला फोटो आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेला फोटो शेजारी ठेवून बघा. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचा पुढे किंवा मागे सरकलेला दिसला तर आकडा त्या मानाने बदला. दोन्ही सारखेच पुसट असतील तर लेन्स सर्व्हिस सेंटरला दाखवायची वेळ आली आहे, आणि तिथे जाताना हे दोन्ही फोटो बरोबर न्या.